क्रियापद कोणाचे ऐकते?

१. प्रस्तावना

वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद, ही व्याख्या तुम्ही यापूर्वी अभ्यासली आहे. ‘आई बाजारात’ एवढेच कोणी म्हटले, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो. ‘गेली’ हा शब्द आला की वाक्य पूर्ण होते. या ‘गेली’ शब्दात केवळ जाण्याची क्रिया नाही. ती क्रिया होऊन गेली आहे, ती करणारी व्यक्ती एक आहे आणि ती व्यक्ती स्त्री आहे, हेही तो सांगतो. ‘आई बाजारात गेला’ असे म्हटले, तर अर्थ समजतो; पण मराठी कानाला ते खटकते.

सर्वच भाषांतील क्रियापदे एवढी माहिती देतात का? कर्ता बदलला की क्रियापद बदलते, हा नियम सगळीकडे सारखाच आहे का? मुक्त शिक्षणाच्या वाटेने मराठी शिकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी कन्नड बोलली जाते, कोणाच्या घरी बंगाली, हिंदी, तेलुगू किंवा गुजराती. कोणाची मातृभाषा मराठी असली, तरी त्यांचे सारे आयुष्य इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे गेलेले असते. अशा प्रत्येक विद्यार्थ्याला हे प्रश्न कधी ना कधी पडतात. त्यांचा विचार या पाठात केला आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• मराठी क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांनुसार कसे बदलते, हे सांगणे;
• मराठीची तुलना इतर काही भारतीय भाषांशी करणे;
• कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोग ओळखणे;
• भाषा शिकताना होणाऱ्या चुकांमागील कारण शोधणे.

३. मूलपाठ

३.१ एका वाक्यावरचे हसू

एका संपर्कवर्गाची कल्पना करा. रविवारची सकाळ आहे. दागिने घडवणारा एक बंगाली कारागीर वर्गात बसला आहे. ‘काल घरी कोण आले होते?’ असे शिक्षिका विचारतात. तो उत्साहाने उत्तर देतो, ‘माझी बहीण आला.’ वर्गात हसू उसळते. कारागीर खाली बसतो आणि तास संपेपर्यंत पुन्हा तोंड उघडत नाही.

थोड्या वेळाने कन्नड भाषक असलेली एक परिचारिका आपली वही दाखवते. तिने लिहिले आहे, ‘मी आंबा खाल्ले.’ स्त्रिया ‘मी आले’, ‘मी गेले’ असे म्हणतात, हे तिने नीट लक्षात ठेवले होते. त्याच नियमाने तिने ‘खाल्ले’ लिहिले. तिला कळत नाही की, नियम पाळूनही वाक्य चुकले कसे?

सर्वांत मोठ्याने हसला होता तो एक मराठी तरुण. तोच तरुण त्या दिवशी दुपारी उपाहारगृहात हिंदीत सांगतो, ‘मैं रोटी खाई.’ शेजारी बसलेला हिंदी भाषक गालात हसतो.

तिघेही प्रौढ आहेत, कष्टाळू आहेत आणि तिघांनाही आपापली भाषा उत्तम येते. तरीही तिघे क्रियापदापाशीच अडखळले. यामागे त्यांचे अज्ञान नाही. तिघांनीही मनात एक नियम पाळला होता. तो नियम त्यांनी कोठून आणला, हे पुढे पाहू. इतर भाषांतील उदाहरणे येथे उच्चाराला धरून देवनागरीत दिली आहेत.

३.२ कर्त्याचे लिंग सांगणारी आणि न सांगणारी क्रियापदे

प्रथम कारागिराचे वाक्य घेऊ. मराठीत ‘तो गेला’, ‘ती गेली’, ‘ते गेले’ अशी तीन लिंगांची तीन रूपे होतात. संस्कृतातील पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग ही तीनही लिंगे मराठी, कोकणी आणि गुजराती या भाषांनी सांभाळली. हिंदीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच राहिली. बंगाली, ओडिया व असमिया या भाषांत तर लिंगानुसार क्रियापद बदलत नाही.

बंगालीत ‘तो गेला’ यासाठी ‘शे गॅलो’ म्हणतात आणि ‘ती गेली’ यासाठीही ‘शे गॅलो’च म्हणतात. तेथे सर्वनामही एकच आणि क्रियापदही एकच. म्हणजे बंगाली कारागिराच्या भाषेत बहीण येवो वा भाऊ, ‘आला’ या अर्थाचे क्रियापद बदलतच नाही. मराठीत बोलताना त्याने आपल्या भाषेचा हा नियम नकळत बरोबर आणला.

याचा अर्थ बंगाली क्रियापद सोपे आहे, असा मात्र नाही. ते दुसऱ्याच गोष्टींकडे बारकाईने पाहते. कर्ता कोण, याप्रमाणे त्याची रूपे बदलतात : ‘आमी गेलाम’ (मी), ‘तुमी गेले’ (तू किंवा तुम्ही), ‘आपनी गेलेन’ (आपण), ‘तुई गेली’ (अगदी जवळच्या व्यक्तीला). यांतील ‘गेली’ हे रूप दिसायला मराठीसारखे असले, तरी ते स्त्रीलिंगी नाही. जिवलग मित्रालाही ते वापरतात. समोरच्या व्यक्तीशी नाते किती जवळचे, तिला मान किती द्यायचा, हे बंगाली क्रियापद आपल्या प्रत्ययातून सांगते. मराठीत मान दाखवण्यासाठी अनेकवचन वापरतात : ‘गुरुजी आले’, ‘वडील आले’. आईविषयी मात्र घरोघरी ‘आई आली’ असेच म्हटले जाते. व्याकरणात समाजातील नातीही अशी उमटतात.

दक्षिणेकडील भाषांत आणखी वेगळे चित्र दिसते. कन्नडमध्ये ‘अवनु बंदनु’ म्हणजे तो आला आणि ‘अवळु बंदळु’ म्हणजे ती आली. मनुष्येतर प्राणी व वस्तू यांच्यासाठी तिसरे रूप आहे : ‘अदु बंदितु’. तेलुगूमध्ये पुरुषासाठी ‘वच्चाडु’ हे रूप वेगळे आहे. परंतु एकवचनात स्त्री आणि मनुष्येतर यांच्यासाठी ‘वच्चिंदि’ हे एकच रूप वापरतात. अनेकवचनात मात्र स्त्रिया आणि पुरुष एकत्र येतात आणि दोघांसाठीही ‘वच्चारु’ म्हणतात. मलयाळमने तर हे सारे प्रत्यय टाकून दिले. ‘ञान् वन्नु’, ‘अवन् वन्नु’, ‘अवळ् वन्नु’, ‘अवर् वन्नु’, म्हणजे मी, तो, ती, ते कोणीही येवो, क्रियापद ‘वन्नु’च राहते.

संताळी भाषेचा घरोबा आणखी निराळा. या भाषेचा समावेश २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. संताळीत स्त्री आणि पुरुष या भेदापेक्षा सजीव आणि निर्जीव हा भेद व्याकरणात महत्त्वाचा आहे. तेथे एकवचन व अनेकवचन यांच्याबरोबर द्विवचनही आहे. शिवाय एकाच क्रियापदात क्रिया करणारा आणि क्रिया ज्याच्यावर घडते तो, अशा दोघांचीही खूण असू शकते.

मराठीचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. ‘मी’ या सर्वनामात लिंगभेद नाही. पण ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ या वाक्यांतील क्रियापदे भिन्न आहेत. पडद्याआडून कोणी ‘मी येते’ म्हटले, तर बोलणारी स्त्री आहे, हे आवाज न ओळखताही कळते. कन्नडमध्ये ‘नानु बंदेनु’ हे वाक्य स्त्री व पुरुष दोघेही म्हणू शकतात. मराठीच्या सर्व बोलींतही हा भेद सारखा नाही. कोल्हापूरच्या परिसरातील बोलीत अनेक स्त्रिया स्वतःविषयी ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज म्हणतात. प्रमाण मराठीत लिहिताना ‘मी जाते’ लिहावे, हे खरे. परंतु बोलीतील ते रूप अशुद्ध वा हलके मानण्याचे कारण नाही. त्या बोलीचा तो नियम आहे.

प्रमाण मराठीतही क्रियापद प्रत्येक वेळी लिंग सांगत नाही. भविष्यकाळ पाहा : ‘तो जाईल’, ‘ती जाईल’. हिंदीत मात्र ‘वह जाएगा’ आणि ‘वह जाएगी’ असा भेद करावा लागतो. मराठीच्या रीतिभूतकाळातही ‘तो रोज पहाटे उठे’, ‘ती रोज पहाटे उठे’ असे एकच रूप असते. म्हणजे भेद केवळ दोन भाषांत नसतो. एकाच भाषेच्या दोन काळांतही तो असतो.

पाठगत प्रश्न १

(अ) बंगालीतील ‘शे गॅलो’ या वाक्याची मराठीत कोणती दोन भाषांतरे होतील?
(आ) ‘मी उद्या येईन’ या वाक्यावरून बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कळते का? कारण लिहा.
(इ) कर्ता कोणीही असला तरी क्रियापदाचे रूप न बदलणारी, पाठात आलेली दक्षिण भारतीय भाषा कोणती?

३.३ कर्त्याला सोडून कर्माकडे

आता परिचारिकेच्या वाक्याकडे वळू. ‘मी आले’ बरोबर. मग ‘मी आंबा खाल्ले’ चूक का?

‘येणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला जुळण्यासाठी कर्ताच असतो. ‘खाणे’ सकर्मक आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते बहुधा कर्त्याला सोडून कर्माकडे वळते. खाणारी स्त्री असो वा पुरुष, आंबा असेल तर ‘खाल्ला’, पोळी असेल तर ‘खाल्ली’, केळे असेल तर ‘खाल्ले’ आणि पोळ्या असतील तर ‘खाल्ल्या’. म्हणून त्या परिचारिकेने ‘मी आंबा खाल्ला’ असे लिहायला हवे होते. कन्नडमध्ये क्रियापद भूतकाळातही कर्त्याचीच साथ करते. त्यामुळे मराठीचे हे वळण तिला अनपेक्षित होते.

क्रियापद कोणाशी जुळते, याला मराठी व्याकरणात ‘प्रयोग’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन :

कर्तरी प्रयोग : क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलगी आंबा खाते’.

कर्मणी प्रयोग : क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’.

भावे प्रयोग : क्रियापद कोणाशीच जुळत नाही, ते नपुसकलिंगी एकवचनात राहते. ‘त्याने मुलाला पाहिले’, ‘त्याने मुलीला पाहिले’, ‘त्यांनी मुलींना पाहिले’.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय लागला की मराठी क्रियापद त्याच्यापासून दूर होते, हे शेवटच्या उदाहरणांवरून दिसते. हिंदीतही असेच घडते : ‘उसने लड़की को देखा’. गुजरातीत मात्र कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद त्याची साथ सोडत नाही. ‘तेणे छोकराने जोयो’ म्हणजे त्याने मुलाला पाहिले आणि ‘तेणे छोकरीने जोई’ म्हणजे त्याने मुलीला पाहिले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात आली का? मराठीत ‘ने’ हा प्रत्यय पाहणाऱ्याला लागतो. गुजरातीत तोच ‘ने’ ज्याला पाहिले त्याला लागतो. ध्वनी एक, काम उलट. बडोद्याच्या मराठी कुटुंबातील मुलांना या दोन ‘ने’मधून रोज वाट काढावी लागते.

उपाहारगृहातील तरुणाची चूक याच ‘ने’ची आहे. मराठीत ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणताना ‘ने’ लागतो. पण ‘मी पोळी खाल्ली’, ‘तू पोळी खाल्लीस’ म्हणताना तो लागत नाही. हिंदीत ‘मैं’ आणि ‘तू’ यांनाही तो लावावा लागतो : ‘मैंने रोटी खाई’. तरुणाने मराठी ‘मी’च्या जागी हिंदी ‘मैं’ ठेवले आणि वाक्य तसेच राहू दिले. जी तऱ्हा कारागिराची, तीच त्याची.

‘तू पोळी खाल्लीस’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. ‘खाल्ली’ हे रूप पोळीशी जुळले आहे. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’ या कर्त्यासाठी आला आहे. एका क्रियापदाने येथे कर्म आणि कर्ता अशा दोघांचाही मान राखला. मराठी बोलणारी लहान मुले असे वाक्य शाळेत जाण्यापूर्वीच बोलतात. ते किती अवघड आहे, हे समजते ते दुसऱ्या कोणाला शिकवायची वेळ आल्यावर.

३.४ हे वळण आले कोठून?

वर्तमानकाळात कर्त्याचे ऐकणारे क्रियापद भूतकाळात कर्माचे का ऐकते? याचे उत्तर भाषेच्या इतिहासात सापडते.

संस्कृतात ‘रामः गच्छति’ आणि ‘सीता गच्छति’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. त्यात लिंगभेद नाही. मात्र भूतकाळ सांगण्यासाठी संस्कृतात धातूपासून बनलेली विशेषणेही वापरत : ‘रामः गतः’, ‘सीता गता’. विशेषण म्हटले की ते आपल्या विशेष्याचे लिंग आणि वचन घेणारच. सकर्मक धातूचे असे विशेषण कर्माचे असे : ‘रामेण ग्रन्थः पठितः’, म्हणजे रामाकडून ग्रंथ वाचला गेला, ‘रामेण कथा पठिता’, म्हणजे रामाकडून कथा वाचली गेली. ‘पठित’ हे ग्रंथाचे किंवा कथेचे विशेषण असल्यामुळे वाचणारा कोण, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

पुढे प्राकृत भाषांच्या काळात भूतकाळाची जुनी क्रियापदे मागे पडली आणि ही विशेषणेच क्रियापदांचे काम करू लागली. ‘रामाने ग्रंथ वाचला’, ‘रामाने कथा वाचली’ ही आजची मराठी वाक्ये त्या जुन्या रचनेची वंशज आहेत. रूप क्रियापदाचे झाले. पण विशेषणाचा जुना स्वभाव गेला नाही. ‘मी’ हे सर्वनामही ‘मया’, म्हणजे ‘माझ्याकडून’, या तृतीयेच्या रूपातून आले, असे भाषाभ्यासक मानतात. ‘मी’च्या पोटातच तृतीया असल्यामुळे त्याला वेगळा ‘ने’ लागत नाही. ‘जातो’, ‘जाते’ या वर्तमानकाळाच्या रूपांतील लिंगभेदही अशाच धातुसाधित विशेषणापासून आला. ‘उठे’, ‘करी’ ही रीतिभूतकाळाची रूपे मात्र संस्कृतातील जुन्या वर्तमानकाळाच्या क्रियापदांपासून आली; म्हणून त्यांत लिंगभेद नाही. मघाचे कोडे असे सुटते.

मराठीच्या घडणीचा असा शोध ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात घेतला. तो ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. बंगालीविषयी असेच मोठे काम सुनीतिकुमार चटर्जी यांनी केले. त्यांचा ग्रंथ १९२६ मधला. मराठीतील ‘गेला’ आणि बंगालीतील ‘गॅलो’ यांतील ‘ल’ एकाच मुळाचा आहे. ओडिया, असमिया, भोजपुरी या भाषांच्या भूतकाळातही तो आढळतो. प्राचीन बंगालीतही सकर्मक क्रियापद कर्माशी जुळत असे. पुढे त्या भाषेने ती रीत सोडली आणि कर्त्याचे प्रत्यय स्वीकारले. मराठीने ती सांभाळली. ज्याच्या ‘बहीण आला’ या वाक्यावर वर्ग हसला, त्या कारागिराचे क्रियापद आणि हसणाऱ्यांचे क्रियापद ही एका घरात जन्मलेली भावंडे आहेत.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘तिने पत्र लिहिले’ या वाक्यात ‘पत्र’ या शब्दाऐवजी ‘चिठ्ठी’, ‘निबंध’ आणि ‘कविता’ (अनेकवचन) हे शब्द वापरून वाक्ये पुन्हा लिहा.
(आ) प्रयोग ओळखा : १) शिपायाने चोराला पकडले. २) बाळ दूध पिते. ३) आजीने लाडू वळले.
(इ) ‘तू गोष्ट सांगितलीस’ या वाक्यात क्रियापद कोणकोणाशी जुळले आहे?

३.५ भेदांमागील साम्य

येथवर भाषांमधील भेद पाहिले. पण भारतातील भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या आहेत. बाजारात, यात्रेत, शेतात, सोयरिकीत त्या एकमेकींच्या कानांवर पडत राहिल्या. मराठी आणि कन्नड या दोन वेगळ्या भाषाकुलांतील भाषा. तरीही त्यांची वाक्ये पुष्कळदा एकाच साच्यात बसतात.

‘मला भूक लागली’ हे वाक्य पाहा. भूक ज्याला लागते तो येथे काही करत नाही. भूकच त्याच्याकडे येते. म्हणून ‘मी’ऐवजी ‘मला’ आले आणि क्रियापद ‘भूक’ या शब्दाशी जुळले. हिंदीत ‘मुझे भूख लगी है’, कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’, तमिळमध्ये ‘एनक्कु पसिक्किरदु’. ‘मुझे’, ‘ननगे’, ‘एनक्कु’ या सर्वांचा अर्थ ‘मला’ असाच आहे. इंग्रजी मात्र अशा वेळी ‘मी’पासूनच वाक्य सुरू करते. आवडणे, समजणे, आठवणे, वाटणे या मराठी क्रियापदांचीही हीच रीत आहे. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला कैरी आवडते’, ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यांत आवड ‘मी’ची असली, तरी क्रियापद फळाप्रमाणे बदलते.

एका क्रियेनंतर दुसरी क्रिया सांगतानाही असेच साम्य दिसते. मराठीत ‘तो जाऊन आला’, कन्नडमध्ये ‘अवनु होगि बंदनु’, तेलुगूमध्ये ‘वाडु वेळ्ळि वच्चाडु’. शब्द वेगळे, पण पहिले क्रियापद अपूर्ण ठेवायचे, शेवटच्या क्रियापदावर वाक्य पूर्ण करायचे आणि ते क्रियापद वाक्याच्या अखेरीस ठेवायचे, ही पद्धत तिन्ही भाषांत एकच आहे. भिन्न कुलांतील भाषांची अशी जवळीक ध्यानात घेऊन मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचे मांडले.

या जवळिकीचे हृद्य उदाहरण निरोपाच्या वेळी आढळते. मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बंगाली माणूसही ‘आशी’, म्हणजे ‘येतो’, असेच म्हणतो. कन्नड भाषक ‘होगि बर्तेने’ आणि तेलुगू भाषक ‘वेळ्ळि वस्तानु’ म्हणतो. दोहोंचा अर्थ ‘जाऊन येतो’. निघणाऱ्याने परत येण्याची हमी द्यावी, असे या सर्वांनाच वाटते. ती हमी प्रत्येक भाषेत क्रियापदच देते.

३.६ चुकीकडे कसे पाहावे?

आता संपर्कवर्गातील तिन्ही वाक्ये पुन्हा आठवा. ‘माझी बहीण आला’, ‘मी आंबा खाल्ले’ आणि ‘मैं रोटी खाई’. पहिल्यामागे बंगालीचा नियम होता. दुसऱ्यामागे कन्नडची सवय आणि मराठीचाच अर्धवट कळलेला नियम होता. तिसऱ्यामागे मराठीचा नियम होता. चूक झाली की विद्यार्थ्याला काही येत नाही, असे समजले जाते. वास्तविक, त्याला एक भाषा इतकी चांगली येते की तिचे नियम न बोलावताही धावून येतात.

म्हणून चूक झाल्यावर हसण्यापेक्षा तीन प्रश्न विचारणे हिताचे असते. येथे क्रियापद कोणाशी जुळवले गेले? ते मराठीत कोणाशी जुळायला हवे? ही सवय कोणत्या भाषेतून आली असावी? शिक्षक वर्गात नसला, तरी स्वतःच्या वहीतील वाक्ये या प्रश्नांनी तपासता येतात. चूक मात्र दुरुस्त केलीच पाहिजे. नोकरीचा अर्ज, रुग्णाची नोंद, न्यायालयातील जबानी अशा ठिकाणी कोणी काय केले, हे क्रियापदावरूनच स्पष्ट होते. परंतु दुरुस्ती बोलत्या माणसाचीच करता येते. हसण्याच्या भीतीने जो गप्प बसला, त्याची चूक दिसतही नाही आणि सुटतही नाही.

मराठी व्याकरणातील एक अपवाद येथे सांगण्याजोगा आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माकडे वळते, हा नियम काही क्रियापदे पाळत नाहीत. ‘विसरणे’ हे त्यांपैकी एक : ‘ती छत्री विसरली’, ‘तो छत्री विसरला’. दुसरे आहे ‘शिकणे’. ‘तो मराठी शिकला’, ‘ती मराठी शिकली’, ‘ते मराठी शिकले’. भाषा कोणतीही असो, ‘शिकणे’ हे क्रियापद शिकणाऱ्याचीच साथ करते. तो कारागीर पुढच्या रविवारी वर्गात येऊन ‘मी मराठी शिकलो’ असे म्हणेल, तेव्हा त्याचे वाक्य अगदी बरोबर असेल.

४. तुम्ही काय शिकलात?

• मराठी क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांनुसार बदलते. परंतु भविष्यकाळ व रीतिभूतकाळ यांत लिंगभेद दिसत नाही.
• बंगाली क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ते पुरुष आणि आदर यांनुसार बदलते. मलयाळम क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही.
• मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माशी जुळते. हे वळण संस्कृतातील धातुसाधित विशेषणांपासून आले.
• ‘मला भूक लागली’ किंवा ‘जाऊन आला’ यांसारख्या रचना वेगवेगळ्या कुलांतील भारतीय भाषांत आढळतात.
• शिकणाऱ्याच्या चुकीमागे बहुधा त्याच्या पहिल्या भाषेचा नियम असतो.

५. पाठान्त प्रश्न

१) ‘आई आली’ आणि ‘वडील आले’ या वाक्यांतील क्रियापदांची तुलना करा.
२) मराठी आणि गुजराती या भाषांतील ‘ने’ प्रत्ययाच्या कार्यातील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
३) ‘रामाने कथा वाचली’ या वाक्यात क्रियापद स्त्रीलिंगी का आहे, हे इतिहासाच्या आधारे आठ ते दहा ओळींत लिहा.
४) ‘चूक म्हणजे अज्ञान नव्हे’ या विधानाविषयी तुमचे मत स्वतःच्या अनुभवाच्या आधारे लिहा.

उपक्रम : तुमच्या शेजारी, बाजारात किंवा कामाच्या ठिकाणी मराठीव्यतिरिक्त अन्य भाषा बोलणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. ‘तो आला’, ‘ती आली’, ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मला भूक लागली’ ही चार वाक्ये त्या भाषेत कशी म्हणतात, ते विचारून वहीत लिहा. प्रत्येक वाक्यातील क्रियापद कोणाशी जुळते, याची नोंद करा.

६. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’. (आ) कळत नाही; कारण मराठीत भविष्यकाळी क्रियापदात लिंगभेद नसतो. (इ) मलयाळम.

प्रश्न २ : (अ) तिने चिठ्ठी लिहिली. तिने निबंध लिहिला. तिने कविता लिहिल्या. (आ) १) भावे प्रयोग २) कर्तरी प्रयोग ३) कर्मणी प्रयोग. (इ) ‘सांगितली’ हे रूप ‘गोष्ट’ या कर्माशी आणि शेवटचा ‘स’ हा ‘तू’ या कर्त्याशी जुळला आहे.